घरी बनवलेलं चांदणं : रीफ टाकीसाठी एलईडी मूनलाइट

खारट (पुणे)

नमस्कार मंडळी. खाऱ्या टाकीचा (समुद्री माशांच्या ॲक्वेरियमचा) कुठलाही धागा असो, मूनलाइटचा, म्हणजे रात्री लावायच्या मंद दिव्याचा, विषय निघतोच आणि "अमक्या कंपनीचा घ्या, झकास निळा उजेड पडतो" इथे येऊन थांबतो. म्हणून हा वेगळा धागा.

माझी टाकी चार फुटी, सॉफ्ट कोरलची, म्हणजे मऊ प्रवाळांची. झोअँथिड, मश्रूम, एक दांडगं लेदर कोरल, क्लाउनफिशची जोडी, एक रॅस आणि दगडांत लपलेले ब्रिटल स्टार (लांब हातांचे, तारामाशांचे भाऊबंद). मुख्य दिवे टायमरवर आहेत. ते फटकन बंद झाले की मासे बिचकतात, रॅस वाळूत शिरायच्या आत अंधार होतो. मंद उजेड असला तर सगळे आपापल्या जागी निवांत जातात, आणि खरा कार्यक्रम त्यानंतर सुरू होतो. ब्रिटल स्टारचा एक हात कपारीतून बाहेर येतो, मग दुसरा, आणि पंधरा मिनिटांत ते वाळूवर फिरायला लागतात. हे बघायला मिळावं एवढ्यासाठी मूनलाइट. चांदणं नसेल तर कोरल मरतात वगैरे दुकानदार सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका.

आता मुद्दा. बाजारात मूनलाइट म्हणून जे मिळतं ते चांदणं नसतंच. हिशेब करून बघा. साध्या ५ मिमी निळ्या एलईडीच्या पाकिटावर ४००० एमसीडी (मिलिकँडेला, दिव्याच्या तीव्रतेचं माप) लिहिलेलं असतं, म्हणजे ४ कँडेला. वाळूपासून अर्धा मीटर उंचीवर तो लावला तर खाली ४ भागिले अंतराचा वर्ग, ०.२५, म्हणजे १६ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) पडतात. पौर्णिमेला उघड्या माळावर चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. म्हणजे एकच एलईडी पूर्ण करंटवर लावला तरी पौर्णिमेच्या साठपट उजेड झाला. लोक असे डझनभर लावतात आणि माशांना झोप लागत नाही म्हणून तक्रार करतात!

माझी जोडणी अशी:

१२ व्होल्टचा अडॅप्टर. तीन एलईडी ओळीत, म्हणजे सिरीजमध्ये, आणि त्या ओळीला एक रोध (रेझिस्टर). अशा दोन ओळी, एक निळी आणि एक पांढरी. एलईडी एकूण सहा. पाकिटावर २० मिलिअँपिअर दिलेलं असतं, त्या हिशेबाने रोध १२० ओहमचा येतो. तो लावायचा नाही. मी २.२ के, म्हणजे २२०० ओहमचा, लावला आहे. करंट दीड मिलिअँपिअरच्या आसपास जातो आणि एलईडी जेमतेम पेटतो.

तेवढ्यानेही उजेड एका ठिकाणी ठिपक्यासारखा पडतो, कारण ५ मिमीच्या एलईडीचं गोल टोक भिंगाचं काम करतं. ते टोक पॉलिशपेपरवर घासून सपाट आणि दुधी केलं की उजेड पसरतो. दोन्ही मिळून साधारण पौर्णिमेच्या पातळीला येतं.

एलईडी वायरिंगच्या पीव्हीसी केसिंग पट्टीत बसवले. पट्टीला ५ मिमीची भोकं, आतून डाग दिलेले सांधे, प्रत्येक पायाला हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), वरून पट्टीचं झाकण. टोकं सिलिकॉनने बंद. सगळं सामान तपकीर गल्लीत एका फेरीत मिळालं.

आता प्रश्न. मला चंद्राच्या कला हव्या आहेत. रोज तोच उजेड नको. आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) घ्यावा का? आणि उजेड कसा बदलावा?

---

रोध_४७०

दादा, धागा मस्त. आर्डुइनो नॅनो आणि डीएस३२३१ घड्याळ घ्या. डीएस१३०७ घेऊ नका, ते महिन्याला काही मिनिटं इकडेतिकडे होतं. ३२३१ मध्ये तापमानानुसार दुरुस्ती आतच असते, वर्षाला मिनिटभराचा फरक.

पण एक जपा. ३२३१ चं जे निळं स्वस्त मोड्यूल मिळतं त्यात बॅटरी चार्ज करायचा सर्किट असतो, तो एलआयआर२०३२ या चार्ज होणाऱ्या सेलसाठी. आपण त्यात साधी सीआर२०३२ घालतो आणि ती चार्ज व्हायची नसते. मोड्यूलला ५ व्होल्ट देणार असाल तर चार्जिंगच्या वाटेवरचा छोटा काचेचा डायोड किंवा २०० ओहमचा रोध काढून टाका. फुगलेली सेल मी पाहिली आहे.

दोन ओळींना मिळून तीन-साडेतीन मिलिअँपिअर लागतील. त्याला मॉसफेट कशाला? बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसला ४.७ के, झालं काम. नॅनोची पिन ९ वापरा. ५ आणि ६ नको, त्या दोन पिनांवर अगदी कमी आकड्यांना पीडब्ल्यूएम (दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करायची पद्धत, आकडा ० ते २५५) हवा त्यापेक्षा जास्त निघतो.

---

खारट

ताई म्हणा हो :)

बाकी सगळं लिहून घेतलं. डायोडचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

---

रोध_४७०

क्षमस्व ताई. आता कलांचं. कुठल्याही माहीत असलेल्या अमावास्येपासून किती दिवस झाले ते काढायचं आणि २९.५३०५९ ने भागून बाकी घ्यायची. संदर्भाला ६ जानेवारी २००० ची अमावास्या घ्या, जागतिक वेळ १८:१४. बाकी आली की चंद्राचं वय मिळालं. हे सरासरी गणित आहे, खऱ्या पौर्णिमेपासून अर्ध्या दिवसाच्या आसपास पुढेमागे होतं. टाकीला तेवढं चालतं.

खरी गंमत उजेडात आहे. इंटरनेटवरच्या बहुतेक कोडमध्ये अर्धा चंद्र म्हणजे अर्धा उजेड असं धरलेलं असतं. अष्टमीला चंद्राची अर्धी तबकडी उजळलेली दिसते हे खरं, पण पृथ्वीवर पडणारा उजेड पौर्णिमेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असतो. पौर्णिमेला ऊन चंद्रावर आपल्या पाठीमागून पडतं, तिथल्या खड्ड्याडोंगरांच्या सावल्या आपल्याला दिसतच नाहीत, म्हणून तो एकदम भडकतो. अष्टमीला ऊन बाजूने येतं, सावल्याच सावल्या. म्हणून सरळ रेषेत बदलू नका. पौर्णिमेला २५५ धरलं तर अष्टमीला २० ते २५ ठेवा आणि अमावास्येला शून्य.

पौर्णिमेची पातळी रोधाने ठरवायची, पीडब्ल्यूएमने नाही, ते यासाठीच. १२० ओहम लावून पौर्णिमेलाच १५ वर चालवलं तर अष्टमीला तुमच्याकडे एकच पायरी उरते.

---

शेवाळशत्रू (ठाणे)

एवढं कशाला? १२ व्होल्टची निळी एलईडी पट्टी चिकटवा, डिमर लावा, झालं. माझ्याकडे तीन वर्षं तशीच आहे. कोरल रात्री नुसते पेटल्यासारखे चमकतात, बघणारे खूश.

---

खारट

@शेवाळशत्रू, चमकतात याचाच अर्थ उजेड जास्त आहे. खऱ्या चांदण्यात आपल्याला रंग जवळपास दिसतच नाहीत, सगळं राखाडी. कोरलचा हिरवा-नारिंगी रंग डोळ्यांत भरत असेल तर ते चांदणं नव्हे, मंद डिस्को आहे. शोभेला हवं तर संध्याकाळी तासभर लावा, हौसेला मोल नाही. पण रात्रभर नको.

---

शेवाळशत्रू

पण चांदणं निळंच असतं ना?

---

रोध_४७०

नाही. चांदणं म्हणजे परावर्तित ऊन, आणि चंद्राची माती लाल बाजूला किंचित जास्त परावर्तन करते, त्यामुळे ते उन्हापेक्षा जरासं पिवळट असतं. आपल्याला निळसर वाटतं ते अंधारात डोळ्याच्या वेगळ्या पेशी काम करतात म्हणून. निळा एलईडी आपल्या समजुतीसाठी. ताईंनी एक ओळ पांढरी घेतली ते बरोबर केलं.

---

ब्रिस्बेनची_बया

रोध, थोडं पुढे जोडते. खोल पाण्यात लाल आणि पिवळा उजेड आधी शोषला जातो, निळा खाली पोचतो. त्यामुळे दहा मीटरवरच्या कोरलला जे चांदणं मिळतं ते निळंच. कोरलला डोळे नसले तरी निळा उजेड ओळखणारी प्रथिनं आहेत. २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या शोधनिबंधात ॲक्रोपोरा मिलेपोरा या कोरलमध्ये अशी प्रथिनं, क्रिप्टोक्रोम, सापडल्याचं दाखवलं होतं आणि त्यातल्या एका जनुकाचं काम चांदण्या रात्री आणि अंधाऱ्या रात्री वेगळं चालतं असं दिसलं. म्हणजे निळी ओळ अगदीच वाया नाही.

आमच्याकडे ग्रेट बॅरियर रीफवर चंद्राचं कौतुक मोठं. वसंत ऋतू संपता संपता, ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या पौर्णिमेनंतर चार-सहा रात्रींनी कित्येक जातींचे कोरल एकाच वेळी अंडी आणि शुक्राणूंचे गुलाबी गोळे पाण्यात सोडतात. १९८४ मध्ये जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनी हे 'सायन्स'मध्ये मांडेपर्यंत कोरल बहुतकरून पिल्लं पोटात वाढवतात असाच समज होता. मी एकदा डाइव्ह बोटीवरून पाहिलंय. टॉर्चच्या झोतात पाणी खालून वर बर्फ पडल्यासारखं दिसतं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर गुलाबी तवंग, आणि वास असा की नाकाला पदर लावावा.

---

अण्णा_वायरमन (सांगली)

मग घरच्या टाकीत हे होईल का? का उगाच?

---

ब्रिस्बेनची_बया

अण्णा, नुसत्या दिव्याने नाही. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज यांनी प्रोजेक्ट कोरल चालवला. बंद टाकीत ठरवून कोरलची वीण घडवून आणली आणि पद्धत २०१७ मध्ये छापली. चंद्र हा त्यातला एक भाग. वर्षभराचं तापमान मूळ रीफप्रमाणे वरखाली, दिवसाची लांबी रोज बदलती, खाणं भरपूर, आणि बाहेरचा उजेड अजिबात नाही. त्यांच्याबरोबर काम करून फ्लोरिडा ॲक्वेरियमने २०१९ मध्ये पिलर कोरलची वीण टाकीत घडवली. ते कोरल फ्लोरिडात नामशेष व्हायच्या वाटेवर आहे, म्हणून एवढी धडपड.

पण खारट, तुझ्या दिव्यात एक गोष्ट घालण्यासारखी आहे. तैवानमध्ये डिप्सॅस्ट्रीया जातीच्या कोरलवर काम झालं, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. पौर्णिमेपर्यंत चंद्र सूर्यास्ताच्या आधी किंवा त्याच सुमाराला वर आलेला असतो, म्हणजे संध्याकाळ कधी पूर्ण काळोखी होत नाही. पौर्णिमा उलटली की चंद्र उशिरा उगवतो आणि सूर्यास्त व चंद्रोदय यांच्यामध्ये अंधाराचा तुकडा तयार होतो. कोरल तोच तुकडा ओळखतात. म्हणजे चंद्र किती उजळ हे जितकं महत्त्वाचं तितकंच तो कधी उगवतो हेही. सगळेजण दिवे बंद झाल्याबरोबर मूनलाइट चालू करतात, रोज. तिथेच गाडी चुकते.

---

तारकर्ली

हे आमच्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं, फक्त कोरलशी जोडलेलं नसतं. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जातो, भरतीही तशीच. आज उधाणाची भरती बाराला असेल तर उद्या पाऊण तासाने पुढे.

---

मोदकप्रिय

थांबा थांबा. म्हणजे संकष्टी!

पौर्णिमेनंतरची चतुर्थी. सूर्य मावळून दोन-तीन तास काळोख, उपास करणारे गच्चीवर चंद्राची वाट बघतात, नऊच्या आसपास तो उगवतो. बयाताईंच्या 'चार-सहा रात्रीं'चा हिशेब लावला तर ग्रेट बॅरियर रीफची वीण संकष्टीच्या आगेमागेच येते की! भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीची चंद्रोदयाची वेळ गावागावासाठी छापलेली असते. कोड तपासायला यापेक्षा सोपं काही नाही. तुमच्या दिव्याची त्या दिवशीची वेळ कॅलेंडरशी जुळली तर गणित बरोबर.

तिथीवरूनही उजेड ठरवता येईल. एक तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यात १२ अंशांचं अंतर वाढणं. अंतर ९० अंश झालं की अर्धा चंद्र, म्हणजे अष्टमीच्या मध्यावर. ३० तिथ्यांसाठी ३० आकड्यांचा तक्ता कोडमध्ये टाका, त्रिकोणमितीची भानगडच नको.

फक्त गणेश चतुर्थीला टाकीवर चादर टाका, चोरीचा आळ येईल.

---

खारट

मोदकप्रिय, हे फार आवडलं. तिथीचा तक्ता करणार. कृष्ण पक्षात चालू व्हायची वेळ पुढे ढकलत न्यायची आणि शुक्ल पक्षात दिवे बंद होताक्षणी चालू करून चंद्रास्ताला बंद. शुक्ल अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे पहाटे टाकीत पूर्ण काळोख हवा.

वीण व्हावी अशी माझी अपेक्षा नाही. पण खोटं चांदणंच करायचं तर वेळापत्रक तरी खरं असावं.

---

अण्णा_वायरमन

मी विजेचं काम करतो म्हणून दोन शब्द, राग मानू नये.

अडॅप्टर टाकीच्या वर, हुडात ठेवायचा नाही. खाऱ्या पाण्याची वाफ आणि शिंतोडे पिनांवर बसतात, वर्षभरात हिरवा गंज. अडॅप्टर बाजूला आणि उंच. वायर खाली झोल देऊन मग सॉकेटला न्या, म्हणजे पाणी ओघळलं तरी झोलाच्या तळाला थेंब होऊन गळेल, सॉकेटात शिरणार नाही. टाकीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच. दिवा १२ व्होल्टचा म्हणून निर्धास्त राहू नका, हीटर आणि पंप २३० वरच आहेत.

सिलिकॉन कुठलं वापरलं? व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर ते सुकताना तांब्याला खातं. सांध्यांवर न्यूट्रल सिलिकॉन घ्या.

---

खारट

राग कसला अण्णा, हेच हवं होतं. सिलिकॉन न्यूट्रलच आहे. सांध्यांवर आधी नेलपॉलिशचे दोन थर, मग सिलिकॉन. तांब्याची मला जास्त भीती आहे. तारेचा तुकडा पाण्यात पडून राहिला तर माशांचं फार बिघडत नाही, पण गोगलगाई, कोळंबी, कोरल यांना तांबं विष आहे. म्हणून पट्टी काचेच्या कडेवर नुसती ठेवलेली नाही, दोन्ही टोकांना नायलॉनच्या टायने बांधली आहे.

वीजबिलाची काळजी असणाऱ्यांसाठी : १२ व्होल्ट गुणिले तीन मिलिअँपिअर म्हणजे ०.०४ वॅट. वर्षाला पाव युनिटही नाही. अडॅप्टर रिकामा बसून याहून जास्त खातो.

---

क्लाउनची_आई (नाशिक)

प्रश्न विचारू का? माझ्या क्लाउनफिशच्या जोडीने कुंडीच्या तुकड्यावर अंडी घातली आहेत. आठवा दिवस आहे, डोळे चंदेरी दिसायला लागलेत. निळा दिवा रात्रभर चालू असतो. चालेल का?

---

ब्रिस्बेनची_बया

आज रात्री बंद कर. डोळे चंदेरी झाले म्हणजे फुटायला आली आहेत. क्लाउनची अंडी दिवे गेल्यावर तासा-दोन तासांत, गच्च काळोखात फुटतात. उजेड असला तर फुटणं लांबतं. टाकीला काळं कापड गुंडाळ, फिल्टर बंद ठेव नाहीतर पिल्लं आत ओढली जातील. नंतर टॉर्च एका कोपऱ्यात धरलास की पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, तिथून वाटीने पाण्यासकट उचल. जाळी नको. आणि रोटिफर (पिल्लांचं सूक्ष्म जिवंत खाणं) आजच्या आज तयार हवेत, नाहीतर पिल्लं उपाशी जातील.

---

तारकर्ली

एक अवांतर पण गरजेचं. धागा वाचून कुणाला टाकीत कठीण कोरल ठेवावेसे वाटले तर भारतात ते करू नका. खडक बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, तिथे पोरायटिस, फेव्हायटिस, टर्बिनेरिया आहेत. पर्यटक आठवण म्हणून तुकडा उचलतात आणि बॅगेत टाकतात. मेलेला तुकडाही चालत नाही.

---

खारट

बरं झालं लिहिलंत. माझ्या टाकीत यातलं एकही नाही, आणि सॉफ्ट कोरल घेतानाही विकणाऱ्याकडे बिल मागा. बिल नाही म्हणाला तर तिथून निघा.

---

शेवाळशत्रू

पट्टी काढली एकदाची. ताईंच्या मापाने सहा एलईडी, २.२ के, टोकं घासून. चालू केलं तर बायको विचारते, "लागलाय का?" मलाही काही दिसत नाही. ४७० ओहम लावू का?

---

खारट

खोलीतले दिवे बंद केलेत का? टीव्ही, राउटरचा दिवा, खिडकीतून येणारा रस्त्यावरचा बल्ब, सगळंच यापेक्षा उजळ असतं. पडदा ओढा, मोबाइल उलटा ठेवा आणि वीस मिनिटं नुसते बसा. डोळे सरावले की दगडांच्या कडा आणि माशांचे आकार दिसतील, रंग दिसणार नाहीत. तेवढंच हवंय. ४७० लावलात तर चौपट होईल. मोबाइलच्या लक्समीटरने मोजू नका, एक लक्सच्या खाली त्याचा आकडा धरण्यासारखा नसतो.

रस्त्यावरचा बल्ब थेट टाकीवर पडत असेल तर मात्र आधी त्याचा बंदोबस्त. मागच्या काचेला काळा कागद लावा, नाहीतर तिथीचा तक्ता घालून उपयोग नाही, रोजच पौर्णिमा.

---

शेवाळशत्रू

दिसलं! मागे गणपतीच्या मखराची लाइटिंग चालू राहिली होती. ती बंद केल्यावर दिसलं. एक तारेसारखा पाय दगडाखालून बाहेर आलाय, मला माहीतच नव्हतं टाकीत ब्रिटल स्टार आहे म्हणून.

कोड कधी टाकताय?

---

रोध_४७०

तिथीचा तक्ता आणि चंद्रोदयाची वेळ दोन्ही घालून मी लिहितोय, ताईंचं सर्किट धरून. येत्या संकष्टीला कॅलेंडरशी ताडून बघतो आणि मग इथेच टाकतो. नॅनो घेताना सीएच३४० चिपवाला मिळाला तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागेल, तेवढं आधी करून ठेवा.